कुंपणापलीकडचे रानट्यूलिप

"आणखी कुणाची बाग?" बाउक्ये बाईंनी विचारलं आणि माझा हात वर गेला.

मी वर केला असं म्हणणार नाही. तो गेला. गेल्या वर्षापर्यंत हाच हात वर्गात उत्तर येत असलं तरी बाकाखाली मुकाट बसायचा. या वर्षी त्याला शिंगं फुटली होती. शाळेच्या नाटकात मी राणीचं काम केलं, शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही माझं प्रत्येक वाक्य ऐकू गेलं म्हणे, आणि तेव्हापासून माझा हात, माझा आवाज आणि माझी मान यांचं एकमेकांशी फार जमायला लागलं होतं.

गावच्या सभागृहात वसंतातल्या बागफेरीची बैठक चालली होती. एप्रिलच्या एका रविवारी चर्च सुटलं की अख्खा गाव एकमेकांच्या बागा बघत फिरतो. एकमेकांच्या म्हणायचं आपलं. जातात ते जहागीरदारांच्या जुन्या बंगल्याकडे, पाद्रीबाबांच्या घरी आणि डॉक्टरांच्या घरी. दरवर्षी तेच. कालव्याकाठच्या आमच्या विटांच्या चाळवजा रांगेत आजवर कुणी फिरकलेलं नव्हतं, कारण आमच्या बागा टेबलावरच्या चादरीएवढ्या.

"आमच्याकडे रानट्यूलिप आहेत," मी म्हणाले.

सभागृहात कपबशांचा आवाज थांबला. साधे ट्यूलिप आमच्याकडे कुणीही बादलीभर आणून लावतो, त्याचं कौतुक नाही. रानट्यूलिप म्हणजे वेगळी गोष्ट. तो जुन्या घरांच्या जुन्या झाडांखाली पिढ्यान्‌पिढ्या राहतो, आणि फुलायचं की नाही हे त्याचं तो ठरवतो.

"फुलतात?" बाउक्ये बाई म्हणाल्या. त्या आम्हाला जीवशास्त्र शिकवतात. त्यांनी काहीही विचारलं तरी गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं.

"म्हणजे काय बाई! या वर्षी बघाच!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि फळ्यावर लिहिलं, 'हिस्के, कालव्याकाठची रांग'. माझं नाव जहागीरदारांच्या बंगल्याखाली! मी जागच्या जागी दोन इंच वाढले.

सायकलवरून घरी येताना बाबा माझ्या बरोबरीला आले. मग म्हणाले, "हिस्के, आपल्याकडे पानं आहेत."

"हो बाबा."

"चार वर्षं नुसती पानंच आहेत."

"हो बाबा."

"मग गावाला पानं दाखवणार तू?"

"बाबा, वारा समोरून येतोय. काही ऐकू येत नाही."

बाबांचं खरं होतं. चर्चच्या अंगणातली पायवाट नव्याने घालायची म्हणून खणली तेव्हा तिथले रानट्यूलिपचे कांदे उघडे पडले होते. आम्हा शाळेच्या मुलांना मूठ मूठ वाटून टाकले. बाकीच्यांचे कुजले नाहीतर हरवले, माझे जगले. जगले म्हणजे इतके जगले की कुंपणालगतची माझी सगळी पट्टी लांबट, निळसर, आळशी पानांनी भरून गेली. रानट्यूलिपचा कांदा मोठा चालू असतो. जमिनीखालून रेशमाच्या दोऱ्यासारखी पांढरी वाट काढतो, तिच्या टोकाला नवा कांदा धरतो, तो पुढे आणखी एक. असा सगळा वेळ प्रवासात जातो आणि फुलायला सवड मिळत नाही. ज्या कांद्याला एकच पान येतं तो फुलत नाही. माझे सगळे एकपानी होते. सैन्यच्या सैन्य एकपानी.

मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? खत बंद केलं, कारण रानट्यूलिपला लाड सोसत नाहीत, चांगलंचुंगलं खाऊन तो नुसती पानं वाढवतो. उन्हाळ्यात पाणी बंद केलं. आमच्याकडे पाऊस विचारून येत नाही, म्हणून पट्टीवर जुनी काच आडवी ठेवली. बाबांनी आणलेली जाड वाळू मातीत मिसळली. उंदरांसाठी जाळी घातली. पानं पिवळी पडून आपोआप लोळेपर्यंत एकाला हात लावला नाही, कारण त्या पानांतूनच पुढच्या वर्षाचं फूल कांद्यात जातं. शेवटी ऊन यावं म्हणून आईचं आवडतं हायड्रेंजिया उपटून पुढच्या दारी नेऊन लावलं. आई दोन दिवस माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली.

आणि एप्रिल उजाडला तो पुन्हा पानांचाच. मी गुडघ्यावर बसून एकेक पान बाजूला करून बघत होते. एक पान. एक पान. एक पान. काही केलं तरी माझ्या पट्टीवर दुपारी दोननंतरच ऊन यायचं, कारण दक्षिणेला शेजारच्या वीब्रेन काकांचं कुंपण. माणसापेक्षा उंच, फळीला फळी चिकटलेली. त्यातून ऊनच काय, वासही जाणार नाही.

बागफेरीच्या आधीच्या गुरुवारी मी माझ्या खोलीची खिडकी पुसत होते. (आईची शिक्षा, हायड्रेंजिया मेलं होतं.) वरून काकांची बाग दिसते. हिरवळ अशी की बिलियर्ड खेळावं. मधोमध एक खुर्ची. आणि कुंपणाच्या पायथ्याशी, त्यांच्या बाजूला, उन्हात, मान खाली घातलेल्या कळ्या. हिरवट पिवळ्या. टोकदार. एक नाही, दोन नाही, अख्खी रांग!

मी फडकं खाली टाकलं ते थेट बाबांच्या डोक्यावर.

"बाबा! पळाले ते! कुंपणाखालून पळाले!"

"कोण पळालं?"

"माझे ट्यूलिप! काकांकडे जाऊन फुललेत!"

बाबांनी डोक्यावरचं फडकं काढलं. "शहाणे आहेत. तिकडे ऊन आहे."

आता वीब्रेन काकांबद्दल सांगायला हवं. ते पाणीखात्यात पाहणी करायचे. आमच्याकडे शरद ऋतूत एक दिवस ठरलेला असतो, त्याआधी प्रत्येकाने आपल्या हद्दीतला चर गवत, शेवाळ, वेली काढून साफ करायचा. नाहीतर पाणी तुंबतं आणि दंड होतो. त्या दिवशी काका काठी घेऊन काठाकाठाने चालायचे, आणि त्यांना लांबून बघून धट्टेकट्टे शेतकरी हातानेच गवत ओरबाडायला लागायचे म्हणे. नोकरी संपली, पण पाहणी संपली नाही. कडेला उगवलेलं हिरवं काहीही काकांना बघवत नाही. दरवर्षी एप्रिलअखेरीस राजाच्या वाढदिवसाचा सण असतो, त्याआधी ते कुंपणालगत दोरी ताणतात आणि मोठी कात्री घेऊन कडा अशी छाटतात की जमीन दाढी केल्यासारखी दिसते. फक्त गेल्या वर्षी त्यांचा गुडघा बदलला, त्यामुळे वसंत आणि उन्हाळा दोन्ही त्यांनी सोफ्यावर काढले. कडा वाढली तशी वाढू दिली. पळून गेलेल्या माझ्या कांद्यांनी तेवढ्यात पोटभर ऊन खाऊन घेतलं होतं.

या वर्षी गुडघा ठणठणीत होता. आणि मी खिडकीतून बघत असतानाच काकांनी कुंपणाच्या एका टोकाला खुंटी ठोकली आणि दोरी बांधली.

मी जिन्यावरून धावले नाही, पडले.

"काका!"

"बेल वाजवली की एकदाच वाजवायची," दार उघडून काका म्हणाले. "आग लागलीय का?"

"नाही. तुमच्याशी बोलायचंय."

"कॉफी?"

म्हणजे आत ये. मी आत गेले. काकांनी कॉफी ओतली, बडीशेपेच्या बिस्किटांचा डबा उघडला, मी एक घेतलं, त्यांनी झाकण लावलं. सगळं रीतसर झालं.

"तुमच्या कुंपणापाशी फुलं आलीत," मी म्हणाले.

"गवत आलंय. शनिवारी काढतोय."

"ते गवत नाही, रानट्यूलिप आहेत! माझे!"

"माझ्या हद्दीत?"

"माझ्याकडून आलेत ते. जमिनीखालून."

"परवानगी न घेता."

"काका, कांदे आहेत ते. परवानगी कशी घेतील?"

"तुझ्या चरातलं शेवाळ वाहत माझ्या चरात आलं, तर ते काढायचं कुणी?"

"ज्याच्या चरात आलं त्याने," मी म्हणाले आणि जीभ चावली.

"बघ," काका समाधानाने म्हणाले. "तुलाही कळतंय."

मी बिस्किट चावून चावून खाल्लं. वेळ काढायला दुसरं काही हाताशी नव्हतं. मग खरं तेच सांगायचं ठरवलं. "रविवारी बागफेरी आहे आणि मी सगळ्या गावासमोर सांगून बसलेय की माझ्याकडे रानट्यूलिप फुलणार. आपल्या रांगेत पहिल्यांदा लोक येणारेत. माझ्या बाजूला नुसती पानं आहेत. तुम्ही शनिवारी कात्री चालवलीत तर मी सोमवारी शाळेत तोंड कसं दाखवू? बाउक्ये बाईंचा पहिला तास आहे."

"बाउक्ये?" काकांची भुवई वर गेली. "ती अजून तशीच बघते? चष्म्यावरून?"

"तश्शीच!"

"एकदा तिच्या चरात बेडकाची अंडी होती म्हणून चर साफच केला नव्हता तिने. मी दंड लावला. तिने पाणीखात्याला बेडकावर दोन पानांचं पत्र लिहिलं." काका खिडकीबाहेर बघत राहिले. "दंड मागे घ्यावा लागला."

मी बशीतले बिस्किटाचे चुरे बोटाने टिपले.

"रविवार संध्याकाळपर्यंत," काका म्हणाले. "चर्चची सहाची घंटा झाली की कात्री. आणि माझ्या हिरवळीवर एकही पाय नको."

"मग लोक बघणार कसे?"

"तो तुझा प्रश्न."

मी इतकी खूश झाले की त्यांच्या गळ्यातच पडणार होते, पण काकांनी आधीच कपबशा गोळा करायला घेतल्या होत्या.

लोक बघणार कसे, हे बाबांनी सोडवलं. कामावरच्या गोदामातून बिअरचे रिकामे क्रेट आणले, उलटे करून कुंपणालगत ओळीने मांडले. माझी एकपानी पट्टी चिरडली जाऊ नये म्हणून त्यांच्याखाली आधी फळी टाकली. क्रेटवर चढलं की कुंपणावरून हनुवटी जेमतेम पलीकडे जायची. आई म्हणाली, "हिला जहागीरदारांच्या शेजारी बसायचं होतं, आणि आपण सर्कस काढली." पण म्हणता म्हणता तिने क्रेट ओल्या फडक्याने पुसले.

रविवारी सकाळी आभाळ बघून मला रडू आलं. राखाडी गोधडी. रानट्यूलिप ऊन असेल तरच उघडतो. नाहीतर मान खाली घालून पाकळ्या आवळून बसतो, शाळेत जायचं नसलेल्या पोरासारखा. मी वरून पाहिलं. सगळ्यांनी तोंडं मिटलेली. आणि पाकळ्यांची बाहेरची बाजू हिरवट, त्यामुळे अशा उजेडात लांबून फूल आहे हेसुद्धा कळेना.

चर्च सुटलं. लोक आले. जहागीरदारांच्या बंगल्यातून येताना त्यांच्या बुटांना छान चिखल लागला होता, तो सगळा आमच्या स्वयंपाकघरातून मागे गेला, कारण टोकाचं काकांचं घर सोडलं तर आमच्या रांगेत मागे जायला दुसरी वाट नाही. आई हसत उभी होती. ते हसू मी ओळखते.

"या, या! असे क्रेटवर चढा!" मी राणीच्या आवाजात म्हणाले.

बाउक्ये बाई पहिल्या चढल्या. मग बेकरीवाले, डॉक्टरीणबाई, पाद्रीबाबा. कुंपणावर हनुवट्यांची रांग लागली. पलीकडे वीब्रेन काका रविवारचा कोट घालून खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. म्हणजे वर्तमानपत्र समोर धरून बसले होते.

"नमस्कार वीब्रेन!" बेकरीवाले म्हणाले.

"नमस्कार."

"आम्ही तुला बघायला आलोय होय?"

"माझ्याकडे बघू नका. खाली बघा."

सगळे खाली बघायला लागले.

"हिस्के," बाउक्ये बाई म्हणाल्या, "ही बाग तुझी आहे का?"

"नाही बाई."

"फुलं तुझी आहेत?"

"कांदे माझे आहेत. म्हणजे होते. ते गेले पलीकडे."

"आणि फुलं मिटलेली आहेत."

"हो बाई."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान एवढे तापले की त्यांच्याजवळ धरली असती तर कळी उघडली असती. गेल्या वर्षीची मी असते तर क्रेटखाली शिरले असते. पण आता क्रेट उलटा होता आणि मी त्याच्यावर उभी होते.

"मिटलीत कारण ऊन नाही," मी मोठ्याने म्हणाले. "रानट्यूलिप कुणासाठी उघडत नाही, पाद्रीबाबांसाठीसुद्धा नाही. त्याला घाई नाही. तुम्हाला असेल तर डॉक्टरीणबाईंकडे दुसरे आहेत, ते दिवसभर तोंड उघडं टाकून असतात. पण थांबलात तर कॉफी मिळेल."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी जन्मभर खिडक्या पुसणार हे नक्की झालं. तरी ती किटली घ्यायला आत गेली. आणि लोक थांबले. ते माझ्यामुळे की आईच्या सफरचंदाच्या केकच्या वासामुळे, ते मी विचारलं नाही.

दुसरा कप संपत आला तेव्हा गोधडीला भोक पडलं. ऊन आधी चर्चच्या मनोऱ्यावर उतरलं, मग कालव्यावर, मग काकांच्या हिरवळीवर. आम्ही सगळे क्रेटवर. आधी एका फुलाने मान वर केली. मग दुसऱ्याने. पाकळ्यांची टोकं सुटली आणि मागे वळली, आतलं पिवळं बाहेर आलं, लोण्यासारखं, आणि बघता बघता कुंपणाच्या पायाशी ताऱ्यांची रांग. वासही आला. गोडसर, किंचित लिंबासारखा, फळीवरून थेट नाकात.

"अगं बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डॉक्टर असून.

काकांचं वर्तमानपत्र कधी खाली आलं कळलं नाही. ते उठून कुंपणापाशी आले, गुडघा सांभाळत वाकले आणि नाक फुलाशी नेलं. मग सरळ होऊन हनुवट्यांच्या रांगेकडे बघत म्हणाले, "तिथून नीट दिसत नसेल. फाटकातून या. हिरवळीवरून नाही! कडेने. एकामागे एक."

आम्ही कडेने, एकामागे एक गेलो. काकांनी आपल्या काठीने कुणी कुठे उभं राहायचं ते दाखवलं. "हा तीन पानांचा. हा दोन पानांचा. एकपानी फुलत नाही," ते पाद्रीबाबांना सांगत होते. हे त्यांना मीच गुरुवारी दुसऱ्या बिस्किटाच्या आशेने सांगितलं होतं.

बाउक्ये बाईंनी पिशवीतून पेन काढलं. "पुढच्या वर्षीच्या फेरीत ही रांग येणार, हे ठरलं. पण कुणाच्या नावाने लिहू? हिस्के की वीब्रेन?"

"हिस्केच्या," काका लगेच म्हणाले. "मला नको भानगड. जूनमध्ये पानं वाळली की सगळे कांदे काढ, पोरी, आणि तुझ्या बाजूला ने. तुझे ते तुझे. माझी कडा मला मोकळी."

हेच तर मला हवं होतं. माझं नाव, माझी बाग, माझे कांदे. मी तोंड उघडलं आणि कुंपणाकडे पाहिलं. त्याच्या पलीकडे माझी पट्टी होती, वाळू घातलेली, लाडाकोडाची, आणि आत्ता, भर दुपारी, सावलीत. तिकडे नेले तर पुन्हा एकपानी. पुन्हा चार वर्षं. कदाचित कायमचे.

"नको," मी म्हणाले. मग बाईंच्या पेनाकडे बघत परत म्हणाले, "काकांचं नाव लिहा बाई. कांदे इथेच राहू देत. इथे त्यांना बरं वाटतंय."

"नक्की?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. या वेळी गृहपाठ राहिल्यासारखं वाटलं नाही.

"नक्की. पण माहिती मी सांगणार. काका फार थोडक्यात सांगतात."

"मी मुद्द्याचं सांगतो," काका म्हणाले.

"आणि सहाची कात्री?" मी विचारलं. "पानं कापलीत तर पुढच्या वर्षी फूल नाही. जून संपेपर्यंत ती अशीच लोळणार, पिवळी पडणार, घाण दिसणार. राजाच्या वाढदिवसाला तुमचे पाहुणे येतील तेव्हासुद्धा."

काकांनी कडेकडे पाहिलं. मग हिरवळीकडे. मग पुन्हा कडेकडे. माणूस दात काढून घ्यायला बसतो तेव्हा असाच चेहरा करतो.

"घाण किती दिसेल?"

"खूप," बाउक्ये बाई म्हणाल्या. "हवं तर मी त्याबद्दल दोन पानांचं पत्र लिहून देते."

पाद्रीबाबांना इतकं हसू आलं की त्यांना काकांच्या खुर्चीत बसवावं लागलं. काका हसले नाहीत. पण कुंपणापाशी गेले, दोरी सोडली आणि मनगटाभोवती गुंडाळत घरात गेले. सहाची घंटा झाली तेव्हा मी खिडकीत उभी होते. कुणीही बाहेर आलं नाही.

सोमवारी मी सायकल काढत होते तर काका आमच्या दारात. रेनकोट घालून, हातात कॉफीचा कप.

"बंद आहेत," ते म्हणाले.

"कोण?"

"कोण काय! ते. सकाळपासून बघतोय. सगळे बंद."

"ढग आहेत ना काका."

"ते मलाही दिसतंय. पण काल उघडले होते की. काही बिघडलं तर नाही?"

"काही बिघडलेलं नाही. ऊन आलं की उघडतील."

"कधी येईल?"

"मला काय माहीत!"

काकांनी आभाळाकडे पाहिलं, दंड लावायच्या नजरेने. "दहा वाजता गुडघा दाखवायला जायचंय मला. तेवढ्यात उघडले तर?"

"तर संध्याकाळी बघा. नाहीतर उद्या."

"उद्याचं काय सांगावं," काका पुटपुटले आणि वळून आपल्या फाटकाकडे चालू लागले. "दवाखान्यात फोन करून सांगतो. गुडघा काय, गुरुवारीही दाखवता येतो."